एकसष्ट नंबर, राइट टाइम

मोटारींच्या शर्यतीचा एक अख्खा सीझन मी असिस्टंट ड्रायव्हर म्हणून ड्युटी केलेली आहे. हे मी कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न "कुठे?" असा येतो, आणि मग शिरूरमधल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, हे सांगावं लागतं. माझे ड्रायव्हर होते सोनवणे आप्पा. ते माझ्या डाव्या हाताला, लाकडी खुर्चीवर, पाठ न टेकता बसायचे. इंजिनात ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून. एकदा पाहुणे आले तेव्हा आमच्या हिने खुर्ची उजवीकडे सरकवली. आप्पा दारातच थांबले आणि म्हणाले, "वैनी, आज गाडी उलटी लावली का?"

आप्पा मूळचे दौंडचे. दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, वाफेच्या इंजिनावर कोळसा मारला, आणि पुढे डिझेलवर ड्रायव्हर झाले. बायको वारली तेव्हा त्यांची मुलगी शकुंतलाताई त्यांना शिरूरला घेऊन आली. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत होत्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची छोटी मूर्ती होती, पुस्तकांनी भरलेलं एक कपाट होतं, पण टीव्ही नव्हता. टीव्हीने डोळे जातात असं ताईंचं मत होतं. त्यामुळे आप्पा डोळे घालवायला आमच्याकडे यायचे.

खरं म्हणजे ते तोवर बरेचसे गेलेलेच होते. ही गोष्ट मला अर्धा सीझन उलटल्यावर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. गुपित पोटात ठेवायची कला मला नाही, हे या गोष्टीत पुढे येईलच. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते तो नर्स असलेल्या मुलीपासून लपवत होते. का, तर त्यांना तो सीझन पुरा करायचा होता. मधल्या स्टेशनात आपल्याला कुणी उतरवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सुरुवात अपघाताने झाली. रविवार होता आणि मी क्रिकेट शोधत होतो. आमचा टीव्ही मी रांजणगावच्या कंपनीतल्या एका बदली झालेल्या साहेबांकडून घेतला होता. त्यात सगळंच जरा निळसर दिसायचं. खेळाडू आजारी वाटायचे, मैदान समुद्रासारखं दिसायचं. ही म्हणायची, दुरुस्त करा. मी म्हणायचो, सवय होते. क्रिकेटऐवजी त्या दिवशी लांबड्या, बसक्या मोटारी गरगर फिरत होत्या. मी चॅनल बदलणार, एवढ्यात एक गाडी आत येऊन थांबली. एक ड्रायव्हर उडी मारून बाहेर आला, दुसरा आत बसला, आणि पहिल्याने वाकून दुसऱ्याचे पट्टे आवळले व त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी आप्पांना आपलं सहज सांगितलं की इथे एका गाडीला दोन ड्रायव्हर असतात.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "चार्ज देतोय त्यो! काय सांगितलं कानात?"

"काय माहीत. इंग्रजीत असणार."

"इंग्रजीत का आसंना. ब्रेक जरा हलका लागतोय, आमक्या वळणाला जपून, हेच सांगितलं आसणार. आम्ही मनमाडला ह्येच सांगत व्हतो."

त्या दिवसापासून दुसऱ्या सगळ्या शर्यती त्यांच्या मनातून उतरल्या. एकट्या ड्रायव्हरच्या त्या प्रसिद्ध, टोकदार गाड्यांबद्दल ते म्हणायचे, "एकटा पळतो, एकटा बक्षीस घेतो, आन् एकटाच बाटली फोडतो. ह्याला काय डिपार्टमेंट म्हणायचं?" आमच्या शर्यतींत दोन-तीन माणसं मिळून एक गाडी तासन् तास चालवायची. एकाच रस्त्यावर वेगवान गाड्यांचा एक वर्ग असायचा आणि साध्या दिसणाऱ्या गाड्यांचा दुसरा. आप्पांनी पहिल्यांना 'मेल' म्हटलं आणि दुसऱ्यांना 'पॅसेंजर'. मेलवर त्यांचा जीव नव्हता. त्यांनी निवडली पॅसेंजरमधली एकसष्ट नंबरची गाडी. कुठल्यातरी छोट्या, खाजगी टीमची. पहिल्या शर्यतीत ती चौथी आली होती.

"चौथी का?" मी विचारलं.

"पुढच्या तिघी आपटल्या नाहीत म्हणून," आप्पा म्हणाले. "सीझन आठ शर्यतींचा हाय. आपटतील."

आठ शर्यती, मार्च ते ऑक्टोबर. प्रत्येक शर्यतीच्या दिवशी आप्पा पंधरा मिनिटं आधी यायचे. हातात लाइन बॉक्स, म्हणजे ड्रायव्हर लोक ड्युटीवर नेतात ती पत्र्याची काळी पेटी. त्यात एक वही, चष्म्याचं घर, स्टीलचा पेला आणि घडी केलेला एक हिरवा झेंडा. रिटायर होताना लाल झेंडा त्यांनी जमा केला, हिरवा ठेवून घेतला. "आता कुणाला थांबवायचंय?" असं त्याचं कारण. वही उघडून ते माझ्यापुढे धरायचे. "साइन ऑन करा." मग मी लिहायचं: विश्रांती पूर्ण घेतली आहे, मद्यपान केलेले नाही. शेजारच्या खोलीतून ही ओरडायची, "विश्रांतीचं खरं आहे हो, आप्पा! दुपारी एकपासून घोरत होते!"

आणि मग सिग्नल. इंजिनात असिस्टंटने सिग्नल पाहून मोठ्याने म्हणायचा आणि ड्रायव्हरने तो बघून परत म्हणायचा, असा नियम असतो. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा धरतो. आप्पांनी तो माझ्यावर लागू केला.

"एकसष्ट कशी दिसतीय?"

"निळी आहे, आप्पा. निळी, पांढरा पट्टा."

"मंग निळी दिसली की म्हणायचं."

दर फेरीला मी म्हणायचो, "एकसष्ट, रनिंग." आप्पा म्हणायचे, "एकसष्ट, रनिंग." ती आत आली की मी म्हणायचो, "एकसष्ट, हॉल्ट." आप्पा म्हणायचे, "एकसष्ट, हॉल्ट," आणि खिशातलं घड्याळ काढून कानाशी धरायचे. मला वाटायचं, काय ही शिस्त! घड्याळ कानाशी धरतो म्हणजे डोळ्याशी धरता येत नाही, हे कंपनीत स्टोअरचा हिशेब सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या बारकाव्याच्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यांत भारी होती ती चोवीस तासांची शर्यत. आमचा केबलवाला सलीमभाई. गल्लीतल्या गच्च्यांवरून त्याने वायरी टाकल्या होत्या, आणि कुठल्या घरात काय पाहतात हे त्याला त्या घरातल्यांपेक्षा जास्त माहीत असे. त्याने आधीच सांगितलं, "साहेब, चॅनलवाले पहिले दोन तास दावनार आन् शेवटचा एक. मधलं नाय."

"मधी काय दावणार?" आप्पांनी विचारलं.

"बिलियर्ड."

"गाडी पळतीय आन् हे बिलियर्ड दावणार?" आप्पांचा विश्वासच बसेना. "न दावंनात. पळतीय ना ती? मंग ड्युटी चालू."

शनिवारी संध्याकाळी सुरुवात पाहून ते जेवायला गेले आणि जाताना मला चार्ज दिला. खरोखर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "एकसष्ट रनिंग, सातव्या नंबरला, टायर नवीन." मी हो म्हणालो आणि झोपलो. रविवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर आप्पा पायरीवर. "चार्ज द्या."

मी एका हातात पिशवी धरून, वाकून, त्यांच्या कानात म्हणालो, "एकसष्ट, रनिंग असावी."

"असावी न्हाई म्हणायचं. ड्रायव्हरला असावी चालत न्हाई."

"एकसष्ट, रनिंग."

"आता कसं!" म्हणून ते लाइन बॉक्स घेऊन आत आले, आणि दिवसभर बंद टीव्हीसमोर बसले. ही त्यांना चहा देत राहिली. संध्याकाळी चॅनल परत लागलं तेव्हा एकसष्ट खरंच पळत होती, आणि पुढच्या सहाजणींपैकी दोघी आपटलेल्या होत्या. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रात्रभर ती मीच चालवली होती. मला उगीचच बरं वाटलं. कंपनीत इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे असं पाहिलेलं नव्हतं.

पाचव्या शर्यतीला मी शेंगा खात होतो.

भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा ही माझी कमजोरी आहे. परातीत हात, तोंडात दाणे, आणि दर दीड मिनिटाला सवयीने "एकसष्ट, रनिंग." आप्पा म्हणाले, "एकसष्ट, रनिंग." एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ही किंचाळली, "अहो, रनिंग काय! ती बघा पेटली!"

मी मान वर केली. अख्ख्या पडद्यावर एकसष्टच होती. रस्त्याबाहेर, वाळूत आडवी, तोंडातून पांढऱ्या धुराचा लोट. ती चांगलं पाव मिनिट तशीच दिसत असावी. आणि माझ्या शेजारी, पडद्यापासून पाच हातांवर, आप्पा शांतपणे, पाठ न टेकता, "रनिंग" म्हणून बसले होते.

मी शेंगांवरचा हात काढला. ही दारातच थांबली. तिला माझ्याआधी समजलं. तिला नेहमीच माझ्याआधी समजतं.

"आप्पा," मी म्हणालो, "तुम्हाला..."

"दिसत न्हाई," आप्पा म्हणाले. "उजेड दिसतो. हलतंय ते दिसतं. नंबर न्हाई दिसत, रंग न्हाई." मग म्हणाले, "आसिस्टंट चुकला तर ड्रायव्हरनं बघायचं आसतं. म्हणून दोन जण देतात. आज दोघंबी चुकलो. आग लागली का?"

मी नीट पाहिलं. "नाही. वाफ आहे. पाणी फुटलंय. लोक ढकलतायत."

"मंग निघंल," ते म्हणाले. निघालीही. शेवटून दुसरी आली, पण आली.

त्या संध्याकाळी दारात चपला शोधताना ते म्हणाले (आणि मला तेव्हा दिसलं की ते चपला पायाने चाचपतात), "शकूला सांगू नगा. ती लगोलग पुण्याला न्हेईल, डोळा कापतील, म्हैनाभर पट्टी. टीव्ही बंद. तीन शर्यती ऱ्हायल्यात. सीझन पुरा झाला की मी आपणहून मेमो देतो तिला. शब्द."

"पण आप्पा, डोळ्यांचा प्रश्न आहे."

"डोळ्यांचाच व्हता त्यो बी," असं काहीतरी पुटपुटत ते गेले. त्याचा अर्थ मला दौंडला कळला.

महिन्यातून एकदा आप्पा दौंडला जायचे, जुन्या लोकांना भेटायला. एरवी एसटीने. पण आता मला त्यांना एकटं सोडवेना, म्हणून माझ्या स्कूटरवर नेलं. शिरूर, न्हावरा, भीमेचा पूल आणि पुढे दौंड. मी चालवणार, ते मागे बसणार. निघाल्यापासून मागून सूचना. "पोल्ट्री आली, डावीकडं वळण." खरोखर कोंबड्यांचा वास आणि लगेच वळण. "आता मोरी. कॉशन, वीसच्या वर नगं." मोरी आली. मी वीसच्या वर होतो, त्यामुळे माझी कवळी हलली. (कवळी फक्त दोन दातांची आहे. पण हलते.) भीमेच्या पुलावर चाकाखाली सांधे धडधडायला लागले, तसे ते पाठीवर बोटाने मोजायला लागले, आणि पूल संपायच्या क्षणी म्हणाले, "सुटला." त्या रस्त्याने मी कितीदा गेलो होतो. डोळे उघडे ठेवून. मला त्या रस्त्याला पोल्ट्री आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

दौंड स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर त्यांचे दोस्त फ्रान्सिसमामा भेटले. रिटायर गार्ड. आप्पा जरा बाजूला हात धुवायला गेले तेव्हा फ्रान्सिसमामांनी मला विचारलं, "ये अभी भी बोलता नहीं ना आँख का?"

मला काही माहीत नाही, असं मी म्हणालो. पण माझ्या चेहऱ्याने सगळं सांगितलं असावं.

"रिटायर व्हायला चार महिने होते," फ्रान्सिसमामा सांगू लागले. "कुणाला काय पत्ता नव्हता. हा स्वतः गेला डॉक्टरकडे. बोलला, लांबचा सिग्नल मला दोन दोन दिसतो, मागं आठ-नऊशे माणूस आहे, मी चालवणार नाय. झालं! त्याच दिवशी खाली उतरवला. शेडमध्ये बसून कागद लिहायचं काम दिलं. आमच्यात शेवटच्या गाडीला इंजिनला हार घालतात, बायका-पोरं येतात, पेढे, फोटो. ह्याला काहीच नाय. त्या दिवशी तो कँटीनमध्ये भजी खात होता."

आप्पा हात पुसत आले. दूर यार्डात कुठलंतरी इंजिन ओरडलं. आप्पा म्हणाले, "ह्याचा भोंगा सर्दी झाल्यासारखा वाजतोय. कवापासून?" फ्रान्सिसमामा म्हणाले, "कल से."

परतीच्या वाटेवर पोल्ट्रीपाशी आप्पा मागून म्हणाले, "फ्रान्सिस बोलला आसंल."

"हो."

"खरं बोललो त्याचं वाईट न्हाई वाटत. पुन्यांदा बोललो असतो. पण शेवटची गाडी ऱ्हायली ती ऱ्हायलीच की. आता ह्या गाडीत कुणी बसल्यालं न्हाई माझ्या मागं. कुणाचा जीव जात न्हाई. एवढी एक पोचवू द्या."

मी स्कूटर वीसच्या आत ठेवली.

त्यानंतर मी शेंगा सोडल्या. सहाव्या आणि सातव्या शर्यतीला मी पडद्यावरून डोळा काढला नाही, आणि एकसष्टनेही आमचा मान ठेवला. दुसरी, मग परत दुसरी. शेवटच्या शर्यतीआधी पडद्यावर गुणांचा तक्ता आला तेव्हा पॅसेंजरांच्या वर्गात एकसष्ट सगळ्यांत वर होती. एकही शर्यत न जिंकता! शेवटच्या दिवशी तिने पहिल्या पाचांत पोचायचं, बस. मी आप्पांना वाचून दाखवलं. ते हसले. "आपटल्याच का न्हाई सगळ्या?"

मधल्या काळात शकुंतलाताई जिन्यात भेटल्या की माझी गाळण उडायची. "काय, आप्पा बरे आहेत ना?" एवढंच त्या विचारायच्या, आणि मी "एकदम! नजर कशी, घारीसारखी!" असं काहीतरी, न विचारलेलं, बोलून जायचो. ही म्हणायची, "तुम्ही गप्प राहिलात तर जास्त खोटं बोलता येईल."

शेवटची शर्यत. आप्पा पांढरा शर्ट घालून आले. साइन ऑन झालं. हिने, कसं कोण जाणे, शेवंतीचा एक हार आणून टीव्हीवर ठेवला होता. शर्यत सुरू होऊन दीड तास झाला, एकसष्ट चौथी होती, दिवेलागणीची वेळ झाली, आणि वीज गेली.

अंधारात आप्पांचा आवाज आला. "एकसष्ट?"

"लाइट गेली, आप्पा."

"कवा येणार?"

आमच्याकडे तो प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. मी उठलो, आप्पांचा हात धरला, लाइन बॉक्स घेतला, आणि आम्ही स्कूटरवर सलीमभाईच्या घरी. त्याच्याकडे जनरेटर होता. गच्चीवर, मोठ्या तबकडीखाली, पत्र्याच्या खोलीत त्याची यंत्रं होती आणि चित्र तपासायला एक छोटा टीव्ही. आम्ही धापा टाकत वर पोचलो. शर्यत चालू होती. जनरेटर खाली अंगणात होता, त्यामुळे वर आवाज स्वच्छ येत होता.

"या आप्पा, बैठो," म्हणत सलीमभाईने खोकं पुढे केलं. मी उजवीकडे बसलो. पडद्याकडे पाहिलं.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. पुस्तकाएवढा. सगळ्या गाड्या राखाडी मुंग्यांसारख्या. नंबर दिसत नाही, पट्टा दिसत नाही. निळं काय आणि लाल काय! समालोचक असा भराभर बोलत होता की त्याचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी एकाच भाषेचं असावं असं वाटेना.

"आसिस्टंट. सिग्नल."

मला 'रनिंग' म्हणता आलं असतं. म्हणणारही होतो. पण 'असावी' चालत नाही.

"आप्पा, मला दिसत नाही," मी म्हणालो. "कुठली आपली, मला कळत नाही."

आप्पांनी चष्मा काढून पेटीत ठेवला, डोळे मिटले आणि मान टीव्हीकडे कलती केली. एक गाडी गेली. दुसरी. दोन-तीन जोडीने गेल्या. त्यांचं बोट गुडघ्यावर हलत होतं.

"ही न्हाई. ही मेल. ही बी न्हाई." मग बोट थांबलं. "ही. एकसष्ट, रनिंग."

मी पडद्याकडे पाहत राहिलो.

"परत म्हणा की! कोण म्हणणार?"

"एकसष्ट, रनिंग," मी म्हणालो.

"पाणी फुटल्यापासून तिचा आवाज जरा फाटलाय. गियर टाकताना खोकती. सीझनभर ऐकतोय." पुढची फेरी. "एकसष्ट, रनिंग."

"एकसष्ट, रनिंग!" आता सलीमभाईही म्हणायला लागला.

असा पाऊण तास गेला. आप्पा सिग्नल म्हणत होते आणि आम्ही दोन डोळस माणसं त्यांच्यामागून म्हणत होतो. मध्ये एकदा ते नुसतेच थांबले. बोट वर. आम्ही श्वास धरला. "हॉल्ट," ते म्हणाले. "चार्ज देतायत." आणि मग, "सुटली." शेवटी झेंडा हलला, समालोचक किंचाळला, आणि आप्पा म्हणाले, "पोचली. राइट टाइम." मिनिटभराने पडद्यावर तक्ता आला. अक्षरं मोठी होती, तेवढी मला वाचता आली. वर्गात एकसष्ट चौथी. सीझनमध्ये पहिली.

मी ओरडलो. सलीमभाईने मला मिठी मारली. मग आम्ही वळलो, तर दारात बॅटरी घेऊन शकुंतलाताई उभ्या. त्यांच्यामागे ही, हातात हार. ताई केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. वडील डोळे मिटून बसलेले त्यांनी पाहिले होते.

आप्पांनी पावलं ओळखली. "शकू का? थांब." त्यांनी वही उघडली, चाचपत चार ओळी लिहिल्या, पान फाडलं आणि दाराच्या दिशेने धरलं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, पण वाचता येत होत्या: डोळ्यांनी दिसत नाही. आपणहून कळवीत आहे. ड्रायव्हर सोनवणे.

ताईंनी कागद वाचला. मग पर्समधून दुसरा कागद काढला. "बुधवारी सकाळी नऊला. पुण्यात. मी जूनमध्येच नंबर लावून ठेवलाय."

"जूनमधी?"

"साखरेच्या बरणीत मी मीठ भरून ठेवलं होतं, आप्पा. तुम्ही चहात दोन चमचे घातलंत आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात. हूं की चूं केलं नाहीत. मग सलीमभाईंना विचारलं, ही शर्यत संपते कधी. मोतीबिंदू कुठे पळून जात नाही. तुमची गाडी गेली असती."

सलीमभाई तबकडीकडे बघायला लागला. म्हणजे गुपित न सांगण्याची कला गल्लीत एकट्या मलाच नव्हती.

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पण खारट चहा तर तीन डाव झाला."

"पहिला तपासणीचा होता," ताई म्हणाल्या. "नंतरचे दोन रागाचे." आणि हिच्या हातातला हार घेऊन त्यांनी तो वडिलांच्या गळ्यात घातला. आप्पा एकदम उभे राहिले. फोटोला उभं राहतात तसे, छाती काढून. फोटो काढायला कुणाकडे काही नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याने पट्टी, गॉगल सगळं उरकल्यावर सलीमभाईने आम्हाला त्याच्या दुकानात बोलावलं. शेवटच्या शर्यतीची त्याने कॅसेट भरून ठेवली होती आणि दुकानातला टीव्ही मोठा, नवा, रंगीत. आप्पांनी डोळ्यांनी पाहिलेली ती पहिली शर्यत. मी डावी खुर्ची त्यांना दिली. गाड्या सुटल्या. मी हौसेने बोट दाखवलं, "ही बघा, आप्पा. आपली एकसष्ट."

आप्पांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला. परत पाहिलं. मग अतिशय हळू माझ्याकडे वळले.

"ही हिरवी हाय."

मी पाहिलं. हिरवीगार होती. पोपटासारखी.

"आमच्या टीव्हीवर..." मी म्हणालो.

"तरी मी वर्षभर सांगतेय, तो टीव्ही दुरुस्त करा," ही म्हणाली.

"आठ शर्यती," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो हसण्याने कापतोय हे मला उशिरा कळलं. "आठ शर्यती माझा आसिस्टंट हिरव्याला निळा म्हणत ऱ्हायला! रेल्वेत आसता ना, तर मला उतरवायच्या आधी तुम्हाला उतरवलं आसतं!"

दिसायला लागल्यावर आप्पा शिरूरला रमेनात. दौंडला रुळांलगत त्यांची दोन खोल्यांची जागा होती, तिथे परत गेले. त्यानंतर आमची भेट राहून गेली. कंपनी, हिचं आजारपण, माझा आळस. शेवटचे दिसले ते दोनेक वर्षांनी. मी एका लग्नाला रेल्वेने निघालो होतो. दौंड सोडून गाडीने वेग घेतला. खिडकीतून पाहतो तर कुंपणापाशी, पांढरा शर्ट घालून, पाठ ताठ, आप्पा उभे. हातात पेटीतला तोच झेंडा, नीट आडवा धरलेला. जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते तो दाखवतात, असं पुढे कुणीतरी सांगितलं. पुढून इंजिनाने छोटीशी शीळ दिली. आप्पांनी मान हलवली.

मला हाक मारायची होती. पण तोंडातून भलतंच निघालं. भरल्या डब्यात मी खिडकीतून ओरडलो, "हिरवा!"

समोरच्या बाईंनी मुलाला जवळ ओढलं. आप्पांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. गाडी वळणाला लागली. पण त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. आणि झेंडा हिरवाच होता. मी दोनदा बघून घेतलं.